तिसऱ्या ओळीतला थांबा

नर्सने डोळ्यांत औषध घालून सगळ्यांना डोळे मिटून बसवलं होतं. रेडिओवर ते गाजलेलं गाणं लागलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या शिंपी जोडप्याची जुंपली. त्यांच्या बाजूला बसलेल्या, जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवणाऱ्या पोस्टमनचे कान मात्र उघडेच होते.

"ऐक, माझं गाणं लागलंय."

"तुमचं? रेडिओवाले तर दुसऱ्याचंच नाव घेतात."

"चोरलं त्यानं! आपल्या दुकानात बसून मी चाल बांधली."

"तोही म्हणतो, तिथेच बसून बांधली. शर्ट शिवायला टाकून तासन्‌तास ठिय्या द्यायचा मेला."

"मग तिसऱ्या ओळीत गाणं मध्येच का थांबतं, ते सांगू दे की त्याला!"

"तुम्ही सांगा."

"विरह, अगं! माणसाचा श्वास अडकतो तिथे."

"अहो, मशीन मी चालवत होते. तुम्ही दोघं मशीनच्या ठेक्यावर गुणगुणत होतात. बॉबिनमधला दोरा संपला, म्हणून मी थांबले. मी थांबले, म्हणून तुम्ही थांबलात."

रेडिओवर तिसरी ओळ आली. गाणं थांबलं.

"आता का गप्प?"

"तू दोरा भरतेयस ना. भर सावकाश."