सिपोरा, मृत्यू १९७४ पूर्वी

विष्णुपंत: बसा तरी आधी, सिपोराबाई. त्यांनी नियमाला धरूनच लिहिलंय, एवढंच माझं म्हणणं.

सिपोरा: नियमाला धरून मारलं मला? छान. खालच्या मजल्यावरून गुडघे चोळत वर आले, तुमच्या घरात हलव्याचा डबा दिला, आणि तुमच्या या स्क्रीनवर मी मेलेली. तेही कधी?

तेजल: सेव्हंटी फोर के पहले. असं लिहिलंय, टीचर. ‘सिपोरा झिराडकर, मृत्यू १९७४ पूर्वी.’

सिपोरा: मग त्यानंतर उल्हासनगरच्या शाळेत जन्मभर गणित कोणी शिकवलं? माझ्या भुताने? तुला सातवीत व्याजाची गणितं येईनात म्हणून बाकावर कोणी उभं केलं?

तेजल: तुम्हीच. भूत असतं ना, तर मी कमी घाबरले असते. कसम से.

विष्णुपंत: तेजल, सुनेने सासऱ्याच्या कामात मदत करायची असते, चेष्टा नाही. ऐका, सिपोराबाई. ही मंडळी फार अभ्यासू आहेत. इंग्लंडातल्या यहुदी घराण्यांचा शोध घेणारा हौशी लोकांचा गट आहे. थंडीत दफनभूमीत जाऊन दगड घासून नावं वाचतात. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर मी आमचा कुलवृत्तांत छापला, त्यानंतर इतकं तोलामोलाचं कोणी मला भेटलंच नव्हतं.

सिपोरा: म्हणून माझ्या घराण्यात शिरलात? मला न विचारता?

विष्णुपंत: तुम्हीच जिन्यात म्हणाला होतात, तो एझरा कुठे उलथला देव जाणे.

सिपोरा: ती चौकशी नव्हती, पंत. ती शिवी होती.

तेजल: पण मिळाला ना तुमचा भाऊ! बाबा रोज रात्री मला टायपिंगला बसवायचे. मी नोकरी करते की नाही, हेच विसरले होते सगळे.

सिपोरा: मिळाला म्हणजे दगडाखाली मिळाला.

विष्णुपंत: हो. तीन वर्षं झाली. लीड्समध्ये. सकाळी मी ते फारच कोरडेपणाने सांगितलं, क्षमा करा.

सिपोरा: क्षमा राहू द्या. त्याच्यासाठी रडायचं की नाही ते माझं मी बघीन. आधी मला कोणी मारलं ते सांगा.

विष्णुपंत: त्याचं असं आहे. एझरांनी तिथल्याच यहुदी मुलीशी लग्न केलं. रूथ. तिचं घराणं मूळचं रशियाकडचं. त्यांच्यात एक कडक रिवाज आहे. बाळाला हयात नातेवाइकाचं नाव ठेवत नाहीत. गेलेल्याचंच ठेवायचं. नाहीतर म्हणे यमदूताचा गोंधळ होतो आणि तो मोठ्याच्या ऐवजी लहानाला नेतो.

सिपोरा: इतका बावळट?

विष्णुपंत: आता पुढे पाहा. एझरांना चौऱ्याहत्तर साली मुलगी झाली. तिचं नाव सिपोरा. म्हणजे कोणीतरी सिपोरा त्याआधी वारलेली असणार. एझरांना एकच बहीण, सिपोरा. सिद्ध झालं!

सिपोरा: वा! असं उत्तर सोडवणाऱ्याला मी भोपळा दिला असता. अहो, आम्ही बेने इस्रायल. अलिबागकडचे, कोकणातले. आमच्या घरात माझा आजोबा हायम आणि त्याचा नातू हायम एका ताटात जेवायचे. हाक मारली की दोघं ओ द्यायचे. यमदूत कधी चुकला नाही. आमच्याकडच्या यमदूताला अक्कल आहे.

तेजल: हे सेम मी लिहिलं होतं! बाबांनी सांगितलं, मी लिहिलं, की बाई जिंदा आहेत, खाली राहतात, आम्हाला रोज ओरडतात.

सिपोरा: मग?

विष्णुपंत: त्यांच्यात हॅरॉल्ड म्हणून एक निवृत्त दंतवैद्य आहेत. फार काटेकोर माणूस. त्यांचं उत्तर आलं की, या बाई वेगळ्या कोणी असाव्यात. झिराडकर आडनावाच्या अनेक असतात. त्याच आहेत असा पुरावा पाठवा.

सिपोरा: पुरावा! दर नोव्हेंबरात बँकेतल्या त्या पोराला हयातीचा दाखला देते मी पेन्शनसाठी. तो निदान तोंडाकडे बघून शिक्का मारतो. याला काय पाठवू? एखादी दाढ उपटून पाठवू?

विष्णुपंत: तुम्ही चिडू नका. शास्त्रशुद्ध काम असंच होतं. मी कुलवृत्तांत केला तेव्हा आमच्याच चुलतभावाने मला—

सिपोरा: तुमचा कुलवृत्तांत मला सांगू नका. दिलीत ना मला एक प्रत, लाल बांधणीची? वाचलाय मी. पहिल्या पानावर कुठलासा सरदार, ज्याची तलवार कोणी पाहिलेली नाही. तुमच्या आत्या होत्या ना हेंद्रेपाड्याला, ज्यांच्याकडे राहून तुम्ही शिकलात? त्यांचं नाव काय छापलंत?

विष्णुपंत: ती... जुनी पद्धत होती. वडिलांच्या नावापुढे ‘पुत्र तीन, कन्या दोन’.

सिपोरा: कन्या दोन! तुम्हाला जेवू घातलं ती ‘कन्या दोन’मधली एक. तुमच्याकडे बाई जिवंत असली तरी नाव लागत नाही आणि त्या दंतवैद्याकडे नाव लागायला बाई मेलेली लागते. आणि दोघं मिळून मला शास्त्र शिकवताय.

तेजल: बाबा, जल पिओ. टीचर फॉर्मात आहेत.

विष्णुपंत: मला हसू नकोस. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करणार आहे मी.

तेजल: टीचर, एक विचारू? भावाशी तुमची फाइट झाली होती का?

सिपोरा: नाही गं. भांडणबिंडण काही नाही. आम्ही तेव्हा अंबरनाथला चाळीत राहायचो. तो बोटीने गेला. महिन्याला पत्र यायचं. बसवर कंडक्टर झालो, लग्न केलं, इथे ऊन नाही, तुझ्या हातचं सांदण खावंसं वाटतं. असलं काहीबाही. मग एकदा लिहिलं, रूथला दिवस गेलेत. ते शेवटचं. त्यानंतर नाही म्हणजे नाही.

तेजल: का पण?

सिपोरा: का म्हणजे काय? गोरी बायको आली, गोरं पोर झालं, चाळीतली आई-बहीण डोळ्यांत खुपायला लागली. सगळे असेच. आई बिचारी पोस्टमनची वेळ झाली की दारात जाऊन बसायची. नवस बोलली होती, एझराचं पत्र आलं की मलिदा करीन.

तेजल: मलिदा म्हणजे तो, पोह्यांचा?

सिपोरा: हो. पोहे भिजवायचे, त्यात नारळ, गूळ. वरती फळं मांडायची. एलियाहू हन्नबी, आमचा प्रेषित, त्याच्या नावाने प्रार्थना म्हणायची, मग वाटायचा. एवढ्याशा नवसाची बाई होती ती. आई गेली, नवस तसाच राहिला. त्या दिवशी मी ठरवलं, याचं नाव काढायचं ते शिवी देतानाच.

विष्णुपंत: पण मुलीला मात्र तुमचं नाव ठेवलं त्यांनी.

सिपोरा: ठेवलं असेल. फुकट तर असतं.

तेजल: नाही, थांबा. फुकट कसं? टीचर, रूथ तर रूलवाली. ती म्हणणार ना, ही सिपोरा कोण? तुझी बहीण? जिंदा आहे? मग नो. हे नाव चालणारच नाही. तिने चालू कसं दिलं?

विष्णुपंत: म्हणूनच तर हॅरॉल्डसाहेब म्हणतात की बहीण त्याआधी...

सिपोरा: गप्प बसा जरा.

विष्णुपंत: मी आपलं...

सिपोरा: गप्प बसा हो! त्यानेच सांगितलं. बायकोला. बहीण मेली म्हणून. त्याला माझं नाव पाहिजे होतं, आणि जिवंत बहिणीचं मिळत नव्हतं.

तेजल: ओह शिट. सॉरी, टीचर.

सिपोरा: आणि मग पत्र कुठून लिहिणार? आईला अक्षर येत नव्हतं. आईची पत्रं मीच लिहायची. पाकिटाच्या मागे इंग्रजीत माझं नाव, माझा पत्ता. मेलेल्या बहिणीचं पाकीट दारात आलं असतं तर बायकोला काय सांगणार होता? घर बदललं असेल, पत्ता कळवला नसेल. लहानपणापासून तसाच. एक खोटं बोलायचं आणि मग ते झाकायला घरभर पळायचं.

विष्णुपंत: म्हणजे प्रेमापोटीच केलं म्हणायचं.

सिपोरा: काय करायचंय असलं प्रेम? नालायक! मी मागितलं होतं नाव? दुसरं काहीही ठेवायचं त्या पोरीचं. मला नाव नको होतं, पंत, आईला पत्र पाहिजे होतं. दोन ओळी. खुशाल आहे, एवढं. दारात बसून बसून गेली ती.

तेजल: टीचर, मेसेज आलाय. त्या गटातून नाही, डायरेक्ट. लीड्सहून. तुमची भाची. म्हणजे... सिपोरा.

सिपोरा: तिला काय पाहिजे?

तेजल: मराठीत सांगते हं. ‘हॅरॉल्डनी तुमचं पत्र मला दाखवलं. तुमच्या शेजारणीला माझ्या आत्याची काही माहिती असेल तर एक विचारायचं होतं. बाबा दर वर्षी तिच्या नावाने दिवा लावायचे. आता ते नाहीत, तर मी लावते. आज संध्याकाळी लावायचाय. पण हॅरॉल्ड म्हणतात तारीख चुकीची आहे. खरी तारीख कळली तर बरं होईल.’

विष्णुपंत: हां, हे मला त्यांनी कळवलं होतं. मृत्यूचा दिवस यहुदी पंचांगाने पाळतात, म्हणजे इंग्रजी तारीख दर वर्षी बदलायला हवी. एझरा मात्र दर वर्षी एकाच इंग्रजी तारखेला दिवा लावायचे. हॅरॉल्डसाहेबांचं मत असं की, हिंदुस्थानातल्या माणसाला हे बारकावे ठाऊक नसणार.

सिपोरा: एझराला ठाऊक नसणार? आजोबांची तिथी तो बोटांवर मोजून सांगायचा. कुठली तारीख म्हणते ती?

तेजल: आजचीच. चोवीस फेब्रुवारी.

विष्णुपंत: सिपोराबाई? काय झालं? तेजल, पाणी आण.

सिपोरा: पाणी नको. डबा उघड.

तेजल: कुठला?

सिपोरा: मघाशी दिला तो. हलवा खा. तू विचारलंस ना दारात, आज कशाचा हलवा? नारळ उरला होता म्हणाले मी. नव्हता उरला. मुद्दाम आणला. आज वाढदिवस माझा.

तेजल: टीचर...

सिपोरा: मेलेल्या माणसाचा वाढदिवस पाळत होता गाढव. बायकोदेखत. दर वर्षी.

विष्णुपंत: एक सुचवू का? राग मानू नका. त्या मुलीला फक्त ‘तारीख बरोबर आहे’ एवढंच कळवू. पन्नाशीची बाई आहे. बापाचं खोटं आता कशाला उघडं करायचं? आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे हयात आत्याचं नाव आपल्याला आहे म्हटल्यावर ती धसका घेईल.

सिपोरा: म्हणजे मी मेलेलीच राहू?

विष्णुपंत: तिच्यापुरती.

सिपोरा: सोपं आहे म्हणा. सवय आहे मला. आणि खरं सांगू, मघापासून माझ्याही मनात तेच येतंय. त्या पोरीने माझं काय वाईट केलंय? बापाच्या नावाला बट्टा कशाला लावू तिच्या?

तेजल: पण ती दर वर्षी दिवा लावणार, टीचर. तुमच्या नावाने. आणि तुम्ही इथे खाली एकट्या हलवा करणार.

सिपोरा: तू लिही.

तेजल: काय लिहू?

सिपोरा: मी सांगते तसं. एक शब्द इकडे-तिकडे केलास तर बाकावर उभी करीन. ‘तारीख बरोबर आहे, पण ती मरणाची नाही, जन्माची आहे. मीच सिपोरा. बदलापूरला असते, गुडघे दुखतात, बाकी ठीक. तुझा बाप खोटं बोलला. तुला माझं नाव द्यायचं होतं म्हणून बोलला, दुसरं काही कारण नव्हतं. घाबरू नकोस, आमच्याकडचा यमदूत हुशार आहे. आज दिवा लावच, पण त्याच्या नावाने लाव. मी इकडे लावते.’ आणि त्या दात उपटणाऱ्याला म्हणावं, पुढच्या वेळी माणसाला विचारून मार.

तेजल: ते शेवटचं पण?

सिपोरा: तेच आधी लिही.

विष्णुपंत: मला त्यांच्या गटातून काढून टाकतील हो.

सिपोरा: बरं होईल. आत्याचं नाव छापायला वेळ मिळेल तुम्हाला.

तेजल: पाठवलं. बघितलं तिने. टाइप करतेय... थांबली. परत करतेय... परत थांबली.

विष्णुपंत: मी म्हणत होतो ना, धक्का बसेल.

तेजल: आलं! एकच ओळ आहे. ‘मी तुम्हाला काय हाक मारू?’

विष्णुपंत: आत्या. लिही, आत्या म्हण.

सिपोरा: तुम्ही मध्ये बोलू नका. ते माझं मी सांगीन. तेजल, लिही. आत्या. मराठीतच लिही, बसू दे हॅरॉल्डला अर्थ शोधत. आणि पंत, चपला घाला.

विष्णुपंत: आता कुठे पाठवताय मला?

सिपोरा: खाली, वाण्याकडे. पोहे आणा, नारळ आणा. पोहे जाडे बघून घ्या, पातळ भिजवले की लगदा होतो.

विष्णुपंत: अहो, हलवा आहे की एवढा. पोहे कशाला आणि?

सिपोरा: पत्र आलं ना.