पडल्याचा आवाज

चिंचवडच्या कानाच्या दवाखान्यात वर्षाली आईचा नंबर यायची वाट बघत होती. समोरच्या बाकावर दोन म्हातारे. एकाला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे दुसरा मोठ्याने बोले आणि पहिला त्याहून मोठ्याने.

“सुदाम, आकुर्डीचं स्नूकर पार्लर आठवतं का रे?”

“विसरेन कसा, इनायत? फर्स्ट शिफ्ट सुटली की डब्यासकट थेट तिथं.”

“आणि वर्षभर तुझा एक बॉल धड पॉकेटात गेला नाही!”

“कसा जाणार? मारता मारताच मान वर करून बघायचो, गेला का म्हणून. मान उचलली की स्टिक वाकडी.”

“मग मी काय सांगितलं?”

“बघू नकोस, ऐक. वाकूनच राहा, बॉल पडल्याचा आवाज आला की मगच डोकं उचल. सहा महिने तेवढंच घोटून घेतलंस राव. झोपेतसुद्धा टप्प ऐकू यायचं.”

“मग तूच मला हरवायला लागलास.”

“आता कशाचा हरवतोय? बत्तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, त्या मशिनींच्या धडधडाटात काढली. बॉल पडला तरी कळायचं नाही.”

“मला कळेल ना! मी मागे उभा राहीन. पडला की पाठीवर थाप मारीन.”

“आणि नाही पडला तर?”

“तरी मारीन. जन्मभर वाकून थोडाच राहणार आहेस?”

आतून नर्सने सुदामचं नाव पुकारलं, दोनदा. सुदाम खाली बघून हसतच होता.

इनायतने त्याच्या पाठीवर थाप मारली.