टायरची खरी नक्कल

चूक नानासाहेबांची, हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे मधेच कुणी म्हातारं माणूस म्हणून कळवळायला नको. वय झालं म्हणून माणूस कमी चुकतो का? उलट त्याला कुणी अडवत नाय, म्हणून लई निवांत चुकतो. तर तुम्हाला सांगतो, बन्सी, आपला दोस्त, नानासाहेबांचा पुतण्या, कॉलेज सोडून दोन वर्षं लासूर स्टेशनच्या शेतात एका जीपखाली उताणा पडलेला. मिलिट्रीची जीप, पोलीस ॲक्शननंतर छावणीत लिलाव झाला तवा नानासाहेबांच्या वडलांनी घेतलेली. इंजन सुरू झालं, ब्रेक लागले, राहिले टायर. अन् सतरा सप्टेंबरला शहरात क्रांती चौकातून जुन्या गाड्यांची फेरी, तिथं पुण्याचा एक गाड्या दुरुस्त करणारा येणार, त्यानं फोनवर सांगितलेलं, गाडी फेरीत लागली तर दुसऱ्या दिवशी कामावर ये.

आता तुम्ही म्हणाल, टायरचं काय एवढं? तसं नाय ना... ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा माग बाणासारखा असतो, कुणीकडं गेला ते सांगतो. मिलिट्रीच्या टायरची नक्षी दोन्हीकडून सारखी. दुश्मनानं माग बघितला तरी गाडी आली का गेली, कळतच नाय! बन्सी ह्या गोष्टीनं येडा झाला. जुन्या टायरचा तुकडा चिखलात दाबायचा, फिरवायचा, परत दाबायचा, अन् मला विचारायचा, सांग, आली का गेली? मी तरी काय सांगू... पण मग मलाबी चैन पडंना.

शहरातल्या छावणी भागात हबीबमामूचं टायरचं दुकान. बन्सीनं माप सांगितलं, सहा सोळा. मामूनं वर न बघता ट्रॅक्टरचा पुढचा टायर लोळवत आणला. माप खरंच तेच, म्हणून जिथं जावं तिथं हाच टायर पुढं येतो. बन्सी म्हणला, मामू, नक्षी ही नाय.

"नक्शा देखके क्या करताय मियाँ, गोल है ना?"

मग बन्सीनं दुकानासमोरच्या चिखलात तुकडा दाबून दाखवला. मामूनं चष्मा पुसला, ह्या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं, दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली, अन् मामू आपला उकिडवा बसून पुटपुटतोय, आया के गया? शेवटी त्यानंच कुठूनतरी दक्षिणेतल्या एका कारखान्याचा नंबर काढून दिला. ते लोक जुन्या टायरची नवी नक्कल बनवतात. फेरी काढणाऱ्यांना विचारलं, ते म्हणले, अस्सल नसंल तर नक्कल चालंल, पण आम्ही तपासणार.

हे बन्सीनं घरी जेवताना सांगितलं. तिथंच घात झाला. नानासाहेबांनी बत्तीस वर्षं तहसिलीत सातबाऱ्याच्या नकला दिलेल्या. नक्कल म्हणलं की दुसऱ्या माणसाला तमाशा आठवंल, ह्यांचा हात थेट खिशातल्या पेनाकडं जातो. म्हणले, तपासू दे, नकलेतलं मला कळतं.

टायर आले तवा बन्सी ट्यूब आणायला शहरात गेलेला. नानासाहेबांनी चारी टायर उतरवून घेतले, उलटेपालटे केले. आली का गेली, हे ह्यांनी बघितलंच नाय. ह्यांनी बघितलं, सही कुठाय, शिक्का कुठाय? घरातली शाई लावून बघितली, रबरावर धरंना. मग लोखंडी सळई तापवली. बन्सी आला तर सगळ्या आवारात रबर जळाल्याचा वास, अन् चारी टायरच्या कडेला, ठसठशीत, "अस्सल बरहुकूम खरी नक्कल". खाली सही. तारीखसुद्धा.

नानासाहेब म्हणले, "आता कुणाची बिशाद हाय हिला खोटी म्हणायची?"

बन्सीनं अक्षरावर बोट ठेवलं तर रबराच्या आतला दोरा हाताला लागत होता.

फेरीच्या दिवशी जीप ट्रकवर चढवून शहरात नेली, तर तपासणीवाल्यानंबी त्या अक्षरावरच बोट ठेवलं. म्हणला, ह्या टायरवर गाडी चौकापर्यंतसुद्धा सोडता येणार नाय, हवा भरली की फुटंल. नानासाहेब त्याला समजावत होते की सही माझीच आहे, हवं तर दुसरी करून दाखवतो. पुण्याचा माणूस गुडघ्यावर बसून नक्षीवरून बराच वेळ हात फिरवत राहिला, मग उठला, पॅन्ट झटकली, अन् पुढच्या गाडीकडं गेला.

बन्सीची हाताशी आलेली नोकरी गेली.