घुमणारी स्प्रिंग

बंद पडलेला मिक्सर मांडीवर घेऊन एक शिक्षिका दुरुस्तीच्या दुकानात आपल्या नंबरची वाट बघत होती. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. कारागिराने त्यांच्या जुन्या अँप्लिफायरला गिटार जोडून तार छेडली. सूर दुकानभर घुमला आणि सावकाश विरला.

"बघ, लगेच तुटला! घुमतच नाही," म्हातारे काका म्हणाले.

"काका, सूर घुमवणारं रिव्हर्बचं सर्किट तर ठणठणीत..." कारागीर थबकला. काकू नवऱ्याच्या पाठीमागून डोळ्यांनीच नको म्हणत होत्या.

"मोठ्याने बोल की जरा!"

"घुमवणारी स्प्रिंग गेलीय, काका! आता मिळत नाही तसली!"

"म्हणजे दोष यंत्रातच ना?"

"यंत्रातच!"

"ऐकलंस? आणि तू निघालीस मला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला!"

"चुकलंच माझं," काकू म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"