गोऱ्याच्या मानेचे घुंगरू

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचा आधार असलेले माननीय इंद्रकुमारजी, सरपंच लीलाधरभाऊ, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो त्या सत्कारमूर्ती गीताबाई, मंचावरची व मंडपातली थोर मंडळी, आणि बसून बसून चुळबुळायला लागलेल्या माझ्या बाळांनो, सर्वांना या निवृत्त मराठी मास्तराचा नमस्कार.

मला इथे येताना दोन सूचना मिळाल्या. ‘गुरुजी, थोडक्यात बोला,’ ही सूत्रसंचालकांची. ‘गुरुजी, त्या दगडाचं आज नको,’ ही सरपंचांची. पहिली पाळण्याचा प्रयत्न करतो. दुसरीचं काय करावं, या चिंतेत सकाळचा चहाही गोड लागला नाही.

गीताबाई शहराला लागून असलेल्या फुलचूरहून इथे इतिहास शिकवायला आल्या, तेव्हा माझ्या वर्गात पोरं माना डोलवत चालीवर कविता म्हणायची. शेवटच्या कडव्याला आवाज असा चढे की शेजारच्या वर्गातून बाई दारात येत. “गुरुजी, तुमची कविता माझ्या पानिपतात घुसून राहिली.” शहरातल्या बाई, पण आपलं ‘राहिली’ त्यांनी लवकर उचललं. ते वर्ग अजून स्वप्नात येतात. असो.

पुस्तकातल्या कवितेइतक्याच मला आपल्या पोळ्याच्या झडत्या प्रिय. बैल तोरणाखाली उभे राहिले की आपण ज्या ओळी घसा फोडून म्हणतो, ती काय कविता नव्हे? आपल्या दसरूची झडती तर लेकरांनाही पाठ आहे.

मोहाच्या पानाले बांधला दोरा,
दसरूले मारून गेला गोरा.
गोऱ्याच्या मानेले घुंगरू वाजे,
तोरनाखाली दसरू निजे.

दसरू आपला हुतात्मा. जंगल सत्याग्रहात विळा घेऊन सरकारी रानात शिरला, गवत कापलं, तुरुंगात गेला. सुटून आला आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गोळी लागून पडला. गोरा म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं का? गोरा म्हणजे इंग्रज. आम्ही मराठीवाले तर एक पाऊल पुढे. साहेबाच्या मानेला घुंगरू कसे? तर तो कवीचा उपहास, असं फळ्यावर लिहून देत होतो, वर दादही देत होतो.

गीताबाईंना तो उपहास पटेना. त्या मला घेऊन दसरूच्या नातीकडे, भागीरथाबाईंकडे गेल्या. त्या अंगणात धान पाखडत होत्या.

“मावशी, साहेबाच्या मानेले घुंगरू कायले?”

“कोनता साहेब वो बाई? गोरा म्हंजे बैल. मालगुजाराचा मानाचा गोरा.”

“मग बैलानं मारलं?”

“बैल कायले मारते? मालकाचं नाव घेवाची सोय होती का? म्हून बैलाचं घेतलं. मालक समोर उभा राहून आयके अन् हासे. त्यालेबी वाटे, साहेबालेच शिव्या देऊन राहिले.”

पुस्तकात गोऱ्हा, आपल्या तोंडी गोरा. एक ‘ह’ गळाला आणि आपण सगळे पिढ्यानपिढ्या साहेबावर दात खात राहिलो. दसरू तुरुंगातून आला तो विचारत आला होता, “सरकारचं जंगल आपलं, तं गावाचं तोरन कोनाचं?” आणि त्याने आपली जोडी गावाचा जमीनदार असलेल्या मालगुजाराच्या मानाच्या गोऱ्याच्या आधी तोरणाखाली नेली. इंग्रजाने त्याला कोंडलं, हे खरं. मारलं आपल्यातल्यानेच.

अध्यक्ष महाराज, ते मालगुजार आपले आजोबा. आपण तेव्हा जन्मलाही नव्हता. या शाळेच्या खोल्या आपण बांधल्या, पोरींसाठी सायकली आणल्या, हे मी कसं विसरेन? आपली मान खाली जाताना मला इथून दिसते आहे. पण आपल्याला दुखवण्यासाठी मी उभा नाही.

तिरंगा वर जातो तेव्हा या वयातही मी काठी टाकून ताठ उभा राहतो. भीती वाटते ती याची, की आपला अभिमान फक्त परक्या शत्रूवरच पोसला जातो की काय? घरातलं माणूस चुकलं, असं म्हटल्याने देश लहान होतो का? परवा लीलाधरभाऊ म्हणाले, “गुरुजी, गावात तेढ येईन.” भागीरथाबाईंचा नातू देवानंद तिथेच होता. तो म्हणाला, “तेढ तं होतीच काका, आता दिसून राहिली.”  

स्वातंत्र्यदिनी शाळेच्या फाटकाशी दसरूचा दगड उभा राहणार. नाव कोरून झालं आहे, खालची ओळ बाकी आहे. स्मारक समितीने लिहून दिलं, ‘इंग्रजांच्या गोळीने हुतात्मा’. गीताबाईंनी त्यावर सही केली नाही. निवृत्त झाल्याने आजपासून त्या समितीत नाहीत. कोहमाऱ्याचा पाथरवट उद्या छिन्नी घेऊन येईल, तेव्हा त्याला अडवणारं कुणी उरणार नाही. शाल आपण बाईंना पांघरली, पण बाईंनी मागितली होती ती एक खरी ओळ. ती आपण त्यांना देणार आहोत का?

गीताबाई, आपल्याला दीर्घायुष्य लाभो. संस्थेचे, मंडप घालणाऱ्या पोरांचे, इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. कुठे शब्द उणा-अधिक गेला असेल तर म्हाताऱ्याचा म्हणून पोटात घाला.

माझी खुर्ची आता रिकामी झाली आहे. अध्यक्षांच्या शेजारचीच आहे. भागीरथाबाई बाहेर चपलांपाशी बसल्या आहेत. देवानंद, आजीला हात दे, वर आण. इंद्रकुमारजी, खालची ओळ आपण त्यांना विचारा. मी आता खाली बसतो.