दर महिन्याचा वाढदिवस

(गणिताची ऑनलाइन शिकवणी. पडद्याच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला सहावीतली चिमी.)

मॅडम : चिमी, लक्ष कुठंय तुझं? शेकडेवारीचं गणित अर्धंच सोडलंस.

चिमी : मॅडम, तुमचा वाढदिवस दर महिन्याला येतो का हो?

मॅडम : हे काय मधेच?

चिमी : बाबा विचारत होते. आईने फी भरताना ‘वाढदिवसाची भेट’ असं लिहिलं ना, दर वेळी.

मॅडम : मग आई काय म्हणाली?

चिमी : म्हणाली, फी लिहिलं की मॅडमना टॅक्स बसतो, म्हणून त्यांनीच सगळ्यांना तसं सांगितलंय.

मॅडम : आईला म्हटलं होतं गं मी, अळीमिळी गुपचिळी म्हणून.

चिमी : बाबा खूप हसले. म्हणाले, मॅडमचं गणित पक्कं आहे.

मॅडम : पण बाबा तर परगावी असतात ना?

चिमी : बदली झाली. आता इथल्याच टॅक्स ऑफिसात आहेत. लोकांनी काय काय लपवलंय ते शोधून काढतात. लपाछपीत आम्ही कध्धीच जिंकत नाही.

मॅडम : ...आणखी काय विचारलं त्यांनी?

चिमी : तुमच्याकडे मुलं किती. मी आपल्या ग्रुपवरून सगळ्या बॅचची मोजून सांगितली. अंदाजे उत्तर चालत नाही ना तुम्हाला?

मॅडम : नाही चालत.

चिमी : मॅडम, घाम आलाय तुम्हाला. पंखा लावा ना.

मॅडम : लावलाय.

चिमी : मी म्हटलं त्यांना, मॅडमच्या आई आजारी असतात, त्यांना रागवू नका. तर म्हणाले, आम्ही कुणालाच रागवत नाही.

मॅडम : भरणारच होते गं मी. आईच्या ऑपरेशनमुळे दोन वर्षं राहून गेलं. बाबांना बोलव, मीच सांगते त्यांना.

चिमी : ते नाहीत घरी. ऑफिसातल्या दोन काकांना घेऊन गेलेत. जाताना विचारलं, तुझा तास कधी असतो, म्हणजे मॅडम घरीच सापडतील.

मॅडम : घर कुठं माहितीये त्यांना?

चिमी : तुम्ही बक्षिसाचं पुस्तक पाठवलं होतं ना? त्या पाकिटावरचा पत्ता दिला मी. मॅडम, तुमच्याकडे बेल वाजतेय.

मॅडम : वाजू दे. गणित पूर्ण कर.

चिमी : परत वाजली.

मॅडम : हळू बोल. आई झोपलीये.

चिमी : उघडा ना, मॅडम. बाबा थांबतील, पण जाणार नाहीत.