दगडांची वाटणी

साईनाथ : काकी, खरं सांग. खालच्या खाचराच्या बांधाचं तोंड कुणी बुजवलं?

येसूबाई : मी. थँक्यू म्हण.

साईनाथ : थँक्यू? अगं, दोनशे वेली कुजल्या माझ्या! आठ दिवस पाण्यात उभ्या!

येसूबाई : तू बसलायस नाशकात ट्रेनिंगला, नि हितं खाचरातलं पाणी भडाभडा वाहतंय. मला बघवलं नाय. चार पाट्या चिखल टाकला. चाळीस वर्षं हेच करतेय मी.

साईनाथ : भाताला, काकी! द्राक्षाची मुळं पाण्यात गुदमरतात.

येसूबाई : मग खालापुरात कशाला आणलीस? हितं आषाढात माणसाला बुरशी धरते.

साईनाथ : नाशकातले साहेबपण हेच म्हणाले. चिकण माती, एवढा पाऊस. भात लाव म्हणाले, नि गप बस.

येसूबाई : शुद्धीत होता म्हणायचा.

साईनाथ : काकी! बरं, वर डोंगराच्या उताराला, तुझ्या वरकस जमिनीत वेली कुणी लावल्या?

येसूबाई : लावतंय कोण! तू फेकलेल्या काड्या. कुंपणाला भगदाड होतं, ते बुजवलं.

साईनाथ : तुला बुजवायचा रोगच आहे. पण एकही मेली नाही गं! पाणी पडतं, निघून जातं. वाऱ्यानं पानं लगेच सुकतात.

येसूबाई : त्या दगडात नाचणीपण रुसते रं.

साईनाथ : द्राक्षाला तसंच लागतं. ती जमीन मला कसायला दे. नाहीतर सोमवारपासून रसायनीला कारखान्यात हेल्पर. संपलं सगळं.

येसूबाई : ती जमीन मला कशी आली, ठाव हाय?

साईनाथ : ...बाबांनी वाटणी केली.

येसूबाई : तुझ्या काकाचं तेरावं झालं नव्हतं. खाचरं तुझ्या बापानं घेतली, मला दगड दिले. वर म्हणतो कसा, येसू, तिथं हवा चांगली लागते.

साईनाथ : लाज वाटते गं मला.

येसूबाई : तुला कशाला? तू तवा चड्डीत मुतत होतास. घे जमीन. पण पहिला खड्डा तुझ्या बापानं खणायचा. पहार मी देते.

साईनाथ : काकी, त्यांचे गुडघे... दोनदा बसावं लागेल चढताना.

येसूबाई : बसू दे की. हवा चांगली लागते.